स्टॅन्टनचा पाव मैल: जुन्या मसल कार, ताजी टाइमस्लिप आणि एक मिनीव्हॅन

ब्युइक जीएस ४५५ स्टेज वन: १३.३८ सेकंद, ताशी १०५.५ मैल. शेव्हल एसएस ४५४ एलएस-सिक्स: १३.४४, १०८.१७. मस्टँग ४२८ कोब्रा जेट: १३.५६, १०६.६४. जुन्या अमेरिकी मसल कारचे, म्हणजे बेताच्या आकारात दांडगं इंजिन बसवलेल्या गाड्यांचे, हे आकडे मला कॉलेजपासून पाठ आहेत. पहिला आकडा म्हणजे उभ्या गाडीला पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कापायला लागलेला वेळ. दुसरा म्हणजे त्या पाव मैलाच्या अखेरीस गाठलेला वेग. १९६८ ते १९७० च्या सुमारास अमेरिकी मासिकांनी हे छापले आणि तेव्हापासून लोक त्यावरून हमरीतुमरीवर येतायत. वाद एकच. शोरूममधून आणलेली, आत कुणी हात न घातलेली गाडी खरंच एवढी पळायची का?

याचा निकाल रस्त्यावर लावायची सोय मिशिगनमध्ये आहे. स्टॅन्टन नावाच्या छोट्या गावाजवळच्या मिड-मिशिगन मोटरप्लेक्सवर सप्टेंबरात 'प्युअर स्टॉक मसल कार ड्रॅग रेस' भरते. गाड्या जुन्या, कंपनीतून निघाल्या तशाच. कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट सगळं मूळ घडणीचं, कॅमशाफ्ट मूळ मापाची, टायरही त्या काळच्या मापाचे. मी पुण्यात गाड्यांच्या चाचणीतच काम करते. कामानिमित्त डेट्रॉइटला जायचं ठरलं, आतेभाऊ डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला राहतो, तारखा जुळल्या. मग काय, सुट्टी जोडली.

गुरुवार: वुडवर्ड अव्हेन्यू

दादाला गाड्यांचं वेड नाही. तो ट्रान्समिशनमध्ये काम करतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला गाडीचं नावही नको असतं. वहिनीला मात्र उत्साह. "चल, तुला वुडवर्ड दाखवते," म्हणून तिनेच मिनीव्हॅन काढली.

डेट्रॉइटच्या नदीकाठापासून पाँटिअॅक शहरापर्यंत जाणारा हा वुडवर्ड अव्हेन्यू. याच रस्त्यावर १९०९ मध्ये काँक्रीटचा पहिला मैल टाकला गेला. साठच्या दशकात रात्री इथे सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या. त्यात कंपन्यांचे इंजिनिअरही उतरायचे, दिवसा बनवलेलं रात्री तपासून बघायला. आता दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे जुन्या गाड्यांची मोठी जत्रा असते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ. आम्ही सप्टेंबरात गेलो, तेव्हा गर्दी नव्हती. एका सिग्नलला शेजारी पिवळी पाँटिअॅक जीटीओ येऊन थांबली. तिच्या आयडलिंगने आमच्या व्हॅनच्या कपहोल्डरमधली चिल्लर वाजायला लागली.

रॉयल ओक हे गाव याच रस्त्यावर. मला ते बघायचं होतं, कारण जीटीओची सगळ्यात गाजलेली लबाडी इथली. मार्च १९६४ मध्ये कार अँड ड्रायव्हर मासिकाने पाँटिअॅक जीटीओची फेरारी जीटीओशी तुलना छापली. पाँटिअॅकचा आकडा: पाव मैल १३.१ सेकंद, ११५ मैल. गाडी पुरवली होती रॉयल ओकच्या रॉयल पाँटिअॅक या डीलरने. पुढे कित्येक वर्षांनी जाहिरातीच्या बाजूने हे सगळं जुळवून आणणाऱ्या जिम वँगर्सनी स्वतःच सांगून टाकलं, की बॉनेटखाली ३८९ घनइंचांच्या ऐवजी ४२१ चं इंजिन बसवलं होतं.

कबुलीची वाट बघायची गरजही नव्हती. पाव मैलाच्या शेवटचा वेग २३४ ने भागायचा, आलेल्या आकड्याचा घन करायचा आणि गाडीच्या चालकासकट वजनाने, पौंडांत, गुणायचं. इंजिनची खरी ताकद जवळपास कळते. ११५ मैल आणि ३,६०० पौंड घातले की उत्तर येतं ४२७ हॉर्सपॉवर. जाहिरातीत तीन कार्ब्युरेटरवाल्या इंजिनची ताकद होती ३४८, तीसुद्धा फुगवलेल्या जुन्या पद्धतीने मोजलेली. मधली ऐंशी हॉर्सपॉवर काही आकाशातून पडली नाही.

हा हिशोब वहिनीला सिग्नलवर सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे मार्कशीटवर शंभरपैकी एकशे वीस."

संध्याकाळी डाउनटाउनला कोनी डॉग खायला गेलो. अमेरिकन कोनी आणि लाफायेट कोनी ही दोन दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत आणि डेट्रॉइटकर एकाशीच इमान राखतात. वहिनी शाकाहारी, तिने फ्राईजवर चीज घेऊन भागवलं. मी मोहरी आणि कच्चा कांदा घातलेले हॉटडॉग हाणले. कुठल्या दुकानातले ते लिहीत नाही, मला परत जायचंय.

*जाणाऱ्यांसाठी:* स्टॅन्टनला राहायची सोय फारशी नाही. ग्रँड रॅपिड्सला राहिलात तर विमानतळही तिथेच आहे आणि ट्रॅक साधारण तासाभरावर. डेट्रॉइटहून अडीच तास धरा. शर्यतीची तारीख आणि ट्रॅक दर वर्षी तपासूनच तिकीट काढा.

शुक्रवार: चाचणीच्या फेऱ्या

सकाळी वाटेत लॅन्सिंगला थांबले. ओल्ड्समोबिलचं हे गाव, तिथे आर. ई. ओल्ड्स यांच्या नावाचं संग्रहालय आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २००४ मध्ये बंद पडली. ४४२ हे नाव कुठून आलं ते इथे पुन्हा आठवलं: चार बॅरलचा कार्ब्युरेटर, चार गियर, दोन एक्झॉस्ट. तासभरात आटपलं.

लॅन्सिंगच्या पुढे रस्ता सपाट होतो. माँटकाम काउंटीत शिरलं की दोन्ही बाजूंना बटाटा. वेफर्सच्या बटाट्यात मिशिगन अमेरिकेत पहिलं आहे. शेताच्या मधोमध अचानक पांढरा टॉवर, दोन लेनची पट्टी आणि रबराचा वास. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची 'व्हॅली रन' पाहिलेल्यांनी तो थाट इथे शोधू नये. तिथे सुपरकार आणि टर्बो लावलेल्या गाड्या असतात. इथे घडीच्या खुर्च्या, कूलर, आणि सत्तरी ओलांडलेली माणसं बॉनेट उघडून उभी.

शुक्रवारी सगळे आपापल्या गाड्या पळवून बघतात. सगळ्यात चांगल्या वेळेप्रमाणे यादी लागते आणि शनिवारी यादीत शेजारी आलेल्या दोघांची जोडी जुळते. म्हणजे साडेअकरा सेकंदांची नवलाईची गाडी असो की पंधराची साधी, प्रत्येकाला आपल्या तोलाचा गडी मिळतो.

प्रेक्षकांना पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या असतात तिथे, मोकळं फिरता येतं, हे मला फार आवडलं. एका लाल १९७० ब्युइक जीएस स्टेज वनपाशी मी अडकलेच. मालक जनरल मोटर्समधून (जीएम) निवृत्त झालेले आजोबा. गाडी ते चालवतात, पण कारभार आजींकडे. आजींच्या मांडीवर जाड पुठ्ठ्याची वही. पेन्सिलीने आखलेले रकाने: वेळ, तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, मागच्या टायरची हवा, कितीच्या आरपीएमवर गाडी सोडली, आणि शेवटी टाइमस्लिपवरचे, म्हणजे प्रत्येक फेरीनंतर ट्रॅककडून मिळणाऱ्या चिठ्ठीवरचे, आकडे. मी वाकून बघतेय हे पाहून त्यांनी वहीच माझ्या हातात दिली.

त्या दिवशीच्या एका ओळीत होतं: पहिले ६० फूट २.१० सेकंद, पाव मैल १३.५२, वेग १०४.३. वरच्याच ओळीत ६० फूट २.३१ आणि पाव मैल १३.८८. वेग? १०४.१. साडेतीन दशांश सेकंदांहून जरा जास्त फरक आणि वेग जागच्या जागी.

"पहिल्यात चाकं फिरली," आजी म्हणाल्या. "दुसऱ्यात यांनी माझं ऐकलं."

सगळी गोम इथेच आहे. या गाड्यांचा टॉर्क अफाट, स्टेज वनचा ५१० फूट-पौंड. आणि तो रस्त्यावर उतरवायचा कशातून, तर जुन्या बायस-प्लाय घडणीच्या अरुंद टायरमधून. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की मागची चाकं सारवलेल्या ओल्या अंगणात घसरल्यासारखी जागीच फिरतात. म्हणून आजोबा गाडी जवळजवळ आयडलवरूनच सोडतात, मग पायाच्या अंगठ्याच्या दाबाने हळूहळू रेस देतात आणि साठ फुटांनंतर पाय पूर्ण खाली. पहिल्या साठ फुटांत एक दशांश वाया गेला की शेवटी दीड ते दोन दशांश जातात. वेगाचा आकडा मात्र त्याने फारसा हलत नाही. वेळ टायर आणि पायावर ठरते, वेग इंजिन सांगतं.

आणखी एक गंमत. सुरुवातीच्या रेषेआधी पाणी टाकलेला खड्डा असतो. शर्यतीचे स्लिक टायर असलेल्या गाड्या त्यात चाकं भिजवून, जागेवर फिरवून तापवतात. या जुन्या गाड्या मात्र खड्ड्याला वळसा घालून जातात, कारण रस्त्याच्या टायरच्या खाचांत पाणी अडकतं आणि ऐन रेषेवर ठिबकतं. रांगेत इंजिन बंद ठेवून माणसं गाड्या हाताने पुढे ढकलतात, इंजिन थंड राहावं म्हणून. दुपारी एका बहाद्दराने इनटेक मॅनिफोल्डवर बर्फाची पिशवीच ठेवली होती.

जेवायला माझ्याकडे वहिनीने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी. (ती आणि दादा शनिवारी रात्री येणार होते, मी भाड्याची गाडी घेऊन पुढे आले होते.) आजींनी चटणी आधी हुंगली, मग वेफर्सवर भुरभुरवली आणि डबा परत द्यायचं नावच घेईनात. संध्याकाळी डबा रिकामा आला, आत त्यांच्या बागेतली सफरचंदं.

*जाणाऱ्यांसाठी:* कानात घालायचे बोळे न्याच. सावली नाही, टोपी हवी. सकाळी स्वेटर, दुपारी अर्ध्या बाह्या, असं तिथलं सप्टेंबर. पिटमध्ये बिनधास्त प्रश्न विचारा, फक्त गाडीला हात लावण्याआधी विचारा.

शनिवार: तीनपैकी दोन

सकाळी बटाट्याच्या शेतांवर धुकं आणि ट्रॅकवर दव. ओल्या पट्टीवर गाडी सोडत नाहीत, त्यामुळे वाळवण्यात वेळ गेला. कुणाची तक्रार नव्हती. थंड, दाट हवेत इंजिनला जास्त ऑक्सिजन मिळतो, सगळे पहिल्या फेऱ्यांसाठी टपून बसलेले.

या वेळात मी आजोबांना माझा जुना प्रश्न विचारला. जाहिरातीत स्टेज वन ३६० हॉर्सपॉवरची आणि शेव्हल एलएस-सिक्स ४५० ची. नव्वदचा फरक. मग मासिकांतल्या वेळा एवढ्या जवळ कशा?

ते हसले आणि म्हणाले, कुणाचा आकडा खरा मानतेस?

मग वहीच्या मागच्या पानावर आम्ही हिशोब मांडला. दोन्ही गाड्या चालकासकट चार हजार पौंड धरल्या. ब्युइकच्या १०५.५ वरून येतात ३६७ हॉर्सपॉवर, शेव्हलच्या १०८.१७ वरून ३९५. फरक नव्वदचा नाही, अठ्ठावीसचा. एकाने ताकद झाकून छापली, दुसऱ्याने मोकळ्या हाताने.

तेव्हाचे आकडे 'ग्रॉस' असायचे. इंजिन गाडीबाहेर स्टँडवर, सायलेन्सर नाही, पंखा-अल्टरनेटरचं ओझं नाही. १९७२ पासून 'नेट' मोजणी रूढ झाली आणि कागदावरची ताकद एका वर्षात धाडकन खाली आली. लोकांना वाटतं प्रदूषणाच्या नियमांनी सगळी ताकद खाल्ली. शिशाविना पेट्रोल चालावं म्हणून १९७१ पासून जीएमने कॉम्प्रेशन उतरवलं, त्याने ताकद घटली हे खरं. पण बरीचशी घसरण निव्वळ मोजपट्टीची. उलट कमी छापण्यामागे विमा कंपन्यांचा धाक होता, हॉर्सपॉवर जास्त तर हप्ता जास्त. कोब्रा जेट ३३५ ची म्हणून विकली. तिच्या १०६.६४ मैलांवरून, ३,६०० पौंड धरून, ३४१ येतात, आणि ते गाडीत बसवलेल्या, सायलेन्सर लावलेल्या इंजिनचे. ग्रॉस मोजलं असतं तर आकडा कुठल्या कुठे गेला असता.

जीएममध्ये तर १९७० पर्यंत मध्यम आकाराच्या गाड्यांना ४०० घनइंचांहून मोठं इंजिन द्यायलाच बंदी होती. ती उठली आणि एका वर्षात ४५४, ४५५ चा पूर आला. आजोबा तेव्हा नुकते कामाला लागले होते. लाइनवरून ज्या गाड्या जायच्या त्यातली एक आपली असावी असं वाटायचं, घेता आली चाळीस वर्षांनी.

धुकं उठलं. आजोबांची जोडी एका हिरव्या प्लिमथशी लागली.

दिव्यांच्या खांबाला इथे 'ट्री' म्हणतात. पुढचं चाक किरणात आलं की वरचे छोटे दिवे लागतात. मग अर्ध्या अर्ध्या सेकंदाने तीन पिवळे, मग हिरवा. खुबी अशी की तुमचं घड्याळ चाक किरणातून बाहेर पडलं की सुरू होतं, हिरवा लागल्यावर नाही. म्हणजे तुम्ही दिव्याखाली जपमाळ ओढत बसलात तरी तुमची वेळ बिघडत नाही. शर्यत मात्र जाते.

पहिल्या फेरीत प्लिमथची चाकं फिरली, आजोबा आरामात पुढे. दुसरीत प्लिमथवाल्याने उट्टं काढलं. तिसरी फेरी निर्णायक. सबंध पिट कठड्याला. दोन्ही गाड्या सुटल्या, शेवटपर्यंत नाकाला नाक, आणि विजयाचा दिवा लागला प्लिमथच्या लेनमध्ये. आजी काही न बोलता स्लिप आणायला चालत गेल्या.

स्लिपवर आजोबांची वेळ १३.४१. प्लिमथची १३.४६. वेगवान गाडी हरली होती. आजोबा हिरव्या दिव्याला प्लिमथपेक्षा सेकंदाच्या दहाव्या भागाहून जरा जास्त उशिरा निघाले होते. याला इथे 'होलशॉट' म्हणतात. मला वाटलं ते खट्टू होतील. ते प्लिमथवाल्याकडे जाऊन त्याच्या गाडीचं बॉनेट उघडायला मदत करायला लागले. आजींनी रकान्यात १३.४१ लिहिलं, शेजारी हार लिहिली नाही. "आमची वही गाडीची आहे," म्हणाल्या, "यांची नाही."

पन्नास वर्षांपूर्वी मासिकाने छापलेले १३.३८ आणि बटाट्याच्या शेतातले १३.४१. इथल्या नियमांत इंजिन नीट जुळवून बांधायला मुभा आहे, सिलिंडर थोडे मोठे कोरता येतात, हे खरं. त्यामुळे शोरूमची सरासरी गाडी यापेक्षा काही दशांश मागे असणार. पण ब्युइकचा तो आकडा थापेबाजी नव्हती, एवढं मी आता कुणाशीही भांडून सांगेन. जीटीओच्या १३.१ बद्दल नाही. सरळ ३८९ इंजिनाची १९६४ ची जीटीओ पंधराच्या आसपास पळायची.

शेजारच्याच लेनमध्ये दिसायला अगदी कोऱ्या गाड्यांचा दुसरा गट होता. बाहेरून कंपनीच्या, टायरही जुन्या मापाचे, आत मात्र सगळं बदललेलं. त्या दहाच्या घरात जातात. कौतुक आहे, पण माझं मन त्यात रमलं नाही.

रविवार: वहिनीची फेरी

हा दिवस बेतात नव्हता. दादा-वहिनी रात्री आले होते. सकाळी सफरचंदाचा ताजा साइडर आणि गरम डोनट खाऊन घरी निघायचं, एवढंच ठरलेलं. (साइडर मिलला गेलात तर बाहेर बसू नका, गांधीलमाश्या ग्लासात उतरतात.) वाटेत दुसऱ्या एका ट्रॅकवर पाटी दिसली: आज सर्वांसाठी खुलं.

वहिनी म्हणाली, "सर्वांसाठी म्हणजे?"

म्हणजे खरंच सर्वांसाठी. चालू परवाना, लांब पँट, बंद बूट, धड सीटबेल्ट. १३.९९ किंवा त्याहून कमी वेळ लागणाऱ्या गाडीला हेल्मेट सक्तीचं, आमच्या मिनीव्हॅनला ती भीती नव्हती. दादाने विम्याचा मुद्दा काढला, वहिनीने किल्ली काढली.

तपासणीच्या माणसाने डिकी उघडली आणि सुटं सामान बाहेर काढायला सांगितलं. मुलाची बूस्टर सीट, घडीच्या खुर्च्या, छत्री, सफरचंदं, आणि इंडियन ग्रोसरीतून आणलेली वीस पौंडांची तांदळाची पिशवी. शंभर पौंड कमी झाले की एक दशांश वाचतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. दादाला तो सांगितल्यावर त्याने तिसऱ्या रांगेतली सीटही काढायला घेतली. घरी गाडीचं नाव नको असणारा हाच माणूस.

शेजारच्या लेनमध्ये पिकअप ट्रक. हिरवा दिवा लागला, ट्रक गेला, वहिनी तिथेच. मी कठड्यावरून ओरडले. मग व्हॅन निघाली, पुढच्या चाकांनी किंचित किंचाळून.

वहिनी हिरव्यानंतर तब्बल १.३ सेकंदांनी निघाली होती. स्लिपवर वेळ होती १५.४०, वेग ९२ मैल. १९६४ च्या साध्या जीटीओला वहिनीने घाम फोडला असता. ती स्लिप वाचत होती, दादा तिच्या खांद्यावरून वाकून साठ फुटांचा आकडा शोधत होता आणि सांगत होता, की पुढच्या फेरीला टायरची हवा दोन पौंड कमी करू.

"तू ट्रकच्या मागे का राहिलीस ते आधी विचार," मी म्हटलं.

"मला वाटलं त्याला आधी जाऊ द्यायचं असतं," वहिनी म्हणाली आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली. मी कठड्याशी तांदळाची राखण करत थांबले.